रुग्णाची ओळख पटता कामा नये

‘रुग्णाची ओळख कोणत्याही प्रकारे पटता कामा नये,’ ही सूचना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा वाचली आणि टेबलापलीकडे बसलेल्या रुग्णाकडे पाहिले. रुग्ण चहात बिस्कीट बुडवत होता, आणि नात्याने तो त्यांचा सासरा होता.

हा त्यांच्या आयुष्यातला पहिला शोधनिबंध. तसा तो काही फार मोठा नव्हता. एका रुग्णाची हकिकत, दोन छायाचित्रे आणि मागे संदर्भांची शेपटी. पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात त्यांची नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करणारी समिती शनिवारी बसणार होती. विभागप्रमुख मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगून टाकले होते, "छापून आला नाही तरी चालेल. पण तो नियतकालिकाकडे पोचला, अशा पावतीचा क्रमांक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या हातात हवा. नाहीतर समितीसमोर मी तुझं नुसतं कौतुक करीन, आणि नुसत्या कौतुकावर आजवर कुणी पक्कं झालेलं नाही."

निबंध लिहायला पडले नव्हते इतके कष्ट तो पाठवायला पडत होते. लेखकांची नावे असलेले पान एका फाइलीत हवे, नावांचा मागमूस नसलेला निबंध दुसऱ्या फाइलीत हवा. छायाचित्रे निबंधात चिकटवायची नाहीत, सुटी द्यायची, आणि तीही अशी की केस न् केस दिसला पाहिजे. संपादकांना पत्र, सगळ्या लेखकांच्या सह्या, आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे रुग्णाचे संमतिपत्र, तेही साक्षीदारासह.

"आपल्या लग्नालासुद्धा एवढे कागद लागले नव्हते," डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"लागले असतील. तेव्हा सगळं आईनं बघितलं होतं," नवरा म्हणाला, आणि ते खरेच होते.

सासूबाई एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. सुटा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवत. दोन भोके पाडायचे यंत्र त्यांच्या खुर्चीशेजारच्या खणात कायम तयार असे आणि घरात आलेला कागद एकदा त्यांच्या नजरेला पडला की भोके पडल्याशिवाय सुटत नसे. फाइली लावायच्या तर त्यांच्याइतका जाणकार माणूस घरात दुसरा नव्हता. आणि नेमके त्यांनाच ह्या कामाचा वाससुद्धा लागू द्यायचा नव्हता, कारण रुग्णाची तशी अट होती.

रुग्णाची, म्हणजे सासऱ्यांची, खरी दौलत म्हणजे त्यांची मिशी. बस आगाराचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी हयात घालवली ती तिच्याच जोरावर. ड्रायव्हर लोक आधी दारातून डोकावून मिशीची टोके कुठे वळली आहेत ते बघत आणि मग रजेचा अर्ज पुढे करायचा की नाही ते ठरवत. डोक्यावरच्या केसांनी त्यांना ऐन चाळिशीत दगा दिला, पण मिशीने साथ सोडली नाही. ती भरघोस राहिली आणि आजतागायत काळीभोर राहिली. ‘आमच्याकडे मिशी पिकत नाही,’ असे ते चारचौघांत सांगत. ती पिकत होती. गेली कित्येक वर्षे दर रविवारी, सासूबाई बाजारात गेल्या की सासरे जुना दात घासायचा ब्रश घेऊन न्हाणीघराला कडी लावत.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांचा वरचा ओठ लाल झाला, सुजला, त्याला पाणी सुटू लागले. घरात त्यांनी ‘उन्हानं झालं’ म्हणून वेळ मारून नेली आणि एका सकाळी बाकीचे रुग्ण यायच्या आधी सुनेच्या दवाखान्यात गुपचूप जाऊन बसले. सूनबाईंनी बाटली आणायला लावली. बाटलीवर लिहिले होते: शुद्ध वनस्पतींचा रंग, रसायनविरहित. त्यांनी बाटलीतला थेंब पाठीवर लावून चाचणी घेतली तर पाठ टरारून फुगली. निव्वळ वनस्पतींच्या रंगाने असे होणे क्वचितच लिहिले गेले होते. ठरावीक रसायनांची चाचणीही करायला हवी होती, पण तो संच विभागात संपला होता. मॅडम म्हणाल्या, "ते ‘मर्यादा’ ह्या मथळ्याखाली लिही. मर्यादा नसलेला निबंध कुणी गंभीरपणे घेत नाही."

सासऱ्यांनी मात्र बजावले, "काय लिहायचं ते लिही. पण हिला कळलं तर मला ह्या घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आईंना कळायचा प्रश्नच नाही, बाबा. रुग्णाची ओळख पटता कामा नये, असा नियमच आहे."

पहिली अडचण छायाचित्रांची आली. विमा कंपनीत संगणकावर काम करणाऱ्या नवऱ्याकडे त्यांनी ओठांचा फोटो दिला आणि ‘एक पेशंट आहे, चेहरा ओळखू येणार नाही असा काप आणि नियतकालिकाला हवा तेवढा मोठा कर,’ इतकेच सांगितले. नवऱ्याने फोटो उघडला आणि म्हणाला, "हे बाबा आहेत."

"कशावरून?"

"अगं, दर वर्षी निकालाच्या दिवशी ही मिशी माझ्यासमोर अशीच यायची. त्या वेळी मी वर बघायचोच नाही. एवढाच भाग मला पाठ आहे."

नवऱ्याला शपथ घालून कटात घ्यावे लागले. मग काटछाट सुरू झाली. आधी नाक गेले. तरी ओळख पटत होती. मग हनुवटी गेली. मग मॅडमनी फोटो पाहून कळवले, ‘टोकं काढ, ह्या टोकांना अर्धं गाव ओळखतं,’ म्हणून दोन्ही टोके गेली. उरलेला तुकडा पाहून सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे? पायपुसणं?"

"बाबा, रोग तेवढ्याच भागात आहे."

"असेल. पण टोकांशिवाय ती मिशी वाटत नाही. बघणारा म्हणेल, असली मिशी रंगवायची तरी कशाला?"

"बघणाऱ्याला तुम्ही कोण ते कळणारच नाही."

"मला तर कळतंय ना," सासरे म्हणाले. पण ओळख लपवणे आणि मिशी मिरवणे ह्या दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत, हे त्यांनाही दिसत होते. ते उठून चहा घ्यायला गेले.

दुसरी अडचण संमतीची. रुग्णाला त्याच्या भाषेत सगळा मजकूर समजावून सांगून मगच सही घ्यायची होती. डॉक्टरीणबाईंनी मराठी तर्जुमा करून गुरुवारी दुपारी, सासूबाई वाचनालयात गेल्याची संधी साधून, संगणकाच्या पडद्यावर तो सासऱ्यांसमोर उघडला. आगारात हयातभर अहवाल तपासलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि लाल पेन मागितले. पडद्यावर पेन चालत नाही हे कळल्यावर त्यांनी बोट वापरले.

"‘अडुसष्ट वर्षांचा वृद्ध पुरुष.’ हे काय?"

"वय लिहावंच लागतं, बाबा."

"वय लिही. वृद्ध कशाला? अडुसष्ट वाचून ज्याला काय समजायचं ते तो समजेल."

‘वृद्ध’ गेला.

"‘सुरुवातीला रुग्णाने रंग वापरत असल्याचे नाकारले.’ मी कधी नाकारलं?"

"मी विचारलं, मिशीला काही लावता का. तुम्ही म्हणालात, पंखा जरा कमी कर."

"मग ते नाकारणं झालं का? मी विषय बदलला."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनचूक होते. त्यांनी लिहिले: ‘सुरुवातीला रुग्णाने विषय बदलला.’

"आणि हे ‘सौंदर्यासाठी’ काढ. मी काय नटी आहे?"

"मग कशासाठी लिहू?"

"व्यवस्थितपणासाठी," सासरे म्हणाले, आणि त्या अटीवर त्यांनी सहीची तयारी दाखवली.

साक्षीदार म्हणून त्यांनी शेजारच्या वकीलकाकांना बोलावले. रोज सकाळी दोघे बरोबर फिरायला जात. संमतीचा एकच कागद छापला होता. वकीलकाका म्हणाले, "मजकूर वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही." मजकूर त्यांनी सावकाश वाचला. वाचता वाचता त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कानशिलांकडे गेला.

"बाटली कुठली म्हणालात?"

"का हो?" सासऱ्यांनी विचारले.

"सहज. कायद्याच्या बाजूनं माहिती असावी."

"तुम्हालाही खाजतं की काय?"

"आपण विषय बदलू," वकीलकाका म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

इथवर सगळे बिनबोभाट पार पडले. आता एवढेच उरले होते की तो सही केलेला कागद छपाईच्या यंत्रावर ठेवून त्याची प्रत संगणकात घ्यायची आणि शुक्रवारी दुपारी सगळ्या फाइली एकदम पाठवायच्या. नवऱ्याने कागद यंत्राच्या झाकणाखाली ठेवला. मग आपले काम चोख व्हावे म्हणून त्याने छायाचित्र कागदावर कसे उमटते ते बघायचे ठरवले, छपाईचे बटण दाबले, आणि निबंधाचा मराठी तर्जुमाही बाबांना नीट वाचायला मिळावा म्हणून छापायला टाकला. काहीच बाहेर आले नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. तेवढ्यात कंपनीतून फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर निघून गेला. यंत्रातले कागद संपले होते, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

सासूबाई वाचनालयातून परतल्या तेव्हा यंत्राचा तांबडा दिवा लुकलुकत होता. काम अडलेले यंत्र त्यांना बघवत नसे. त्यांनी खणातून कोरे कागद काढले आणि यंत्राला घातले.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाई अर्धी रजा टाकून घरी आल्या. नवराही आला. सासरे सकाळपासून तयार होते. झाकण उचलले तर खाली नुसती काच. सोफ्याखाली पाहिले, वर्तमानपत्रांत पाहिले. शेवटी नवरा खाकरला आणि शक्य तितक्या निर्विकारपणे म्हणाला, "आई, इथे एक कागद होता."

"लावलाय," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"लागायला हवा तिथे."

त्यांनी खणातून एक नवी कोरी फाइल काढून टेबलावर ठेवली. पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात लेबल होते: ‘मिशी’. आत सगळ्यात वर अनुक्रमणिका, तिच्याखाली संमतिपत्र, मग तर्जुमा, आणि शेवटी पानभर मोठी झालेली, टोके नसलेली मिशी, दोन प्रतींत, कारण बटण दोनदा दाबले होते. प्रत्येक कागदाला दोन भोके होती. संमतिपत्रावरचे एक भोक वकीलकाकांच्या सहीतून आरपार गेले होते.

सासऱ्यांनी फाइलीकडे पाहिले आणि ते मटकन खुर्चीत बसले. त्यांचा ओठ बरा होत आला होता, पण त्या क्षणी तो पुन्हा लाल झाला, असे डॉक्टरीणबाईंना वाटले.

"तू वाचलंस?" त्यांनी विचारले.

"न वाचता फाइल कशी लावणार?"

"मग आता हस. हसून घे एकदाचं."

"हसायचं काय त्यात? मला पहिल्या रविवारपासून माहितीये. बेसिनवरचे काळे शिंतोडे कोण पुसतं असं वाटलं तुम्हाला?"

इतकी वर्षे ज्या कडीच्या भरवशावर ते होते ती कडी त्यांच्या डोळ्यांसमोर निखळून पडली. डॉक्टरीणबाईंना त्यांची दया आली, पण घड्याळाचीही भीती वाटत होती. त्या म्हणाल्या, "आई, झालं ते झालं. मी संमतिपत्र पुन्हा छापते, बाबा पुन्हा सही करतील, काकांना हाक मारू. संध्याकाळच्या आत पाठवायचंय."

"पाठव की. पण पान तीनवर चूक आहे."

"कसली?"

सासूबाईंनी फाइल स्वतःकडे ओढली, पान तीन काढले, पुन्हा मिटले. एरवी चूक दाखवताना त्या एवढा वेळ कधी घेत नसत.

"त्या बाटलीत झाडपाल्याचा रंग नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ती बाटली केव्हाच तळाला गेली होती. तुमच्या दुकानदारानं तो रंग ठेवायचं बंद केलं, आठवतं? उरलेले थेंब पुरवायला तुम्ही आठवडाभर तोंडावर रुमाल धरून हिंडत होतात. सर्दी झाली म्हणून सांगत होतात. मला काही ते बघवेना. म्हणून तेव्हापासून मी दुसरा रंग ओतत आले त्यात."

"आणि मी समजलो, चांगली कंपनी दिसते, बाटली संपतच नाही," सासरे पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी पान तीन पुढे ओढले. निबंधाचा सगळा डोलारा ‘शुद्ध वनस्पतींचा रंग’ ह्या चार बोटांच्या लेबलावर उभा होता. बाटलीत साधा, रसायनांचा, दुकानोदुकानी मिळणारा रंग असेल, तर असा पुरळ येणे म्हणजे रोजचीच गोष्ट. पावतीच्या मुदतीला काही तास उरले असताना त्यांच्या निबंधात सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

"आई, हे तुम्ही आधी—" त्या बोलता बोलता थांबल्या. आधी विचारायचे कसे? त्यांच्यापासून तर सगळे लपवायचे होते. "पण दुसरा म्हणजे कुठला रंग? कुठून आणलात?"

"आणायचा कशाला? घरात होता."

"घरात कुणाचा?" सासऱ्यांनी विचारले.

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मग फाइलीच्या दोऱ्या उगीचच बांधल्या आणि सोडल्या. "न सांगता चाललं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठवलं असतंत, छापूनही आलं असतं. पण खोटा कागद माझ्या हातून कधी फाइलीला लागलेला नाही. माझा होता तो रंग. पिठाच्या डब्यामागे असते बाटली. तुम्ही सकाळी फिरायला जाता तेव्हा लावते."

सासरे उठले, बायकोच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या अंबाड्याकडे पाहू लागले. आयुष्यभर रोज समोर असलेली वस्तू पहिल्यांदाच दिसावी तसे ते पाहत होते.

"तू तर म्हणायचीस, तुमच्या घराण्यात केस पिकत नाहीत."

"घराण्यात नाहीच पिकत. माझे पिकले."

"आणि मी त्यावर विश्वास ठेवून हे सगळं करत बसलो," सासऱ्यांचा आवाज चढला. "तुझे केस असे काळे आणि माझी मिशी निम्मी पांढरी. तुझ्या भाचीच्या लग्नात एका गृहस्थांनी तुला विचारलं, वडिलांना बसायला खुर्ची देऊ का. दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली आणली मी."

"आणि मी?" सासूबाई वळल्या. "तुमची मिशी काळी राहते आणि मी पांढरी होत चालले. आगारात तुमचा निरोप समारंभ होता तेव्हा एक बाई मला म्हणाली, साहेबांच्या मोठ्या बहीण का तुम्ही? त्या दिवसापासून सुरू केलं."

दोघांपैकी आधी कुणी सुरू केले, ह्याचा निवाडा काही होईना. लग्न आधी की निरोप समारंभ आधी, ह्यावर पाच मिनिटे वाद झाला आणि तो अनिर्णित राहिला. डॉक्टरीणबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्वचा आणि केस ह्या विषयातली पदवी त्यांनी सुवर्णपदकासह मिळवली होती, आणि सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर असलेली दोन रंगवलेली माणसे त्यांना ओळखता आली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांनी स्पीकर चालू ठेवून मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"म्हणजे बाटलीवर एक आणि बाटलीत दुसरंच?"

"हो, मॅडम. निबंधच बुडाला."

"बुडाला कसला? पाठवल्यावर कळलं असतं तर बुडालीस असं म्हटलं असतं. जे झालं तेच लिही. आपण सगळे बाटलीवरचं वाचतो आणि मोकळे होतो. घरात विचारत कोण? हे जास्त उपयोगी आहे. फक्त आता सासूबाईंचीही संमती लाग—"

"देते," सासूबाई लांबूनच म्हणाल्या. "वय घालू नका म्हणजे झालं."

मग त्या घरात जे सुरू झाले ते पाहायला आगाराच्या ड्रायव्हरांना बोलवायला हवे होते. डॉक्टरीणबाई हकिकत नव्याने लिहीत होत्या, नवरा फाइली तयार करत होता आणि सासूबाई एकेक फाइल अनुक्रमणिकेशी ताडून खूण करत होत्या. लेखकांची नावे असलेले पान चुकून निबंधाच्या फाइलीत गेले होते ते त्यांनीच धरले. वकीलकाकांना पुन्हा बोलावले. नवे संमतिपत्र वाचून ते म्हणाले, "ह्या घरात आणखी कुणी असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी एकदाच येतो." त्यांनी नवऱ्याच्या तुळतुळीत टकलाकडे पाहिले आणि त्यांचे समाधान झाले.

सगळे जमत आले असताना गाडी शेवटच्या वाक्यावर अडली. हकिकतीच्या अखेरीस पुढे काय झाले ते लिहावे लागते. डॉक्टरीणबाईंनी लिहिले होते: ‘रुग्णाने रंग वापरणे कायमचे थांबवले आहे.’

"हे मला मान्य नाही," सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्हाला थांबवावंच लागेल. पुन्हा लावलात तर ओठ पुन्हा सुजेल."

"मी पांढरा आणि ही काळी? म्हणजे पुन्हा मला खुर्ची देणार लोक. तिनं थांबवलं तर मी थांबवतो."

"मी का थांबवू?" सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे काय होतंय?"

हे शास्त्रशुद्ध होते. त्यांना खरोखरच काही होत नव्हते. नवऱ्याने घड्याळ दाखवले. डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून सासऱ्यांजवळ आल्या आणि त्यांच्या स्वरात डॉक्टर कमी आणि सून जास्त होती.

"बाबा, नोकरीचं राहू दे. तुमचा ओठ असा झालेला मला पुन्हा बघायचा नाहीये. तेव्हा दवाखान्यात मी घाबरले होते. तुम्हाला दाखवलं नाही इतकंच."

सासरे काही वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "लिही. थांबवलं."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिले. त्या फाइलीचे पुठ्ठे सरळ करत होत्या. "माझ्याकडे काय बघता? एवढी मोठी गोष्ट अशी उभ्या उभ्या ठरवतात का? मला विचार करू दे."

डॉक्टरीणबाईंना खोटे लिहायचे नव्हते आणि वेळही उरला नव्हता. त्यांनी वाक्य पुरे केले: ‘रुग्णाने रंग वापरणे थांबवले आहे. रुग्णाच्या पत्नीने विचारासाठी मुदत मागितली आहे.’ आणि बटण दाबले. पावतीचा क्रमांक आला तो त्यांनी मॅडमना कळवला, आणि शनिवारी समितीने त्यांना पक्के केले.

नियतकालिकाचे उत्तर यायला बराच काळ गेला. ते आले तेव्हा सगळे टेबलाशी बसले होते. सासऱ्यांची मिशी एव्हाना पांढरीशुभ्र झाली होती आणि सासूबाईंचे केस होते तसेच काळे होते. डॉक्टरीणबाईंनी परीक्षकांचे अभिप्राय वाचायला घेतले. पहिल्या परीक्षकाला संदर्भ वाढवून हवे होते. दुसऱ्याची कशालाच हरकत नव्हती. त्याने एवढेच विचारले होते: ‘रुग्णाच्या पत्नीने पुढे काय ठरवले, ते कळल्यास बरे होईल.’

सासऱ्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरले.

"काय लिहू, आई?"

"लिही, बंद केलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. मग कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "आणि हेही लिही, की नवऱ्याची पांढरी मिशी तिला जास्त आवडते. आधी माहीत असतं तर तिनं त्याला एवढी वर्षं बेसिन घाण करू दिलं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी ते जसेच्या तसे टिपून घेतले. वर्तमानपत्र हळूहळू खाली आले.

"हे वाक्य छापून येईल?" सासऱ्यांनी विचारले.

"संपादकांनी ठेवलं तर येईल."

"नाही, मी काय म्हणतो," सासरे पांढऱ्या मिशीची दोन्ही टोके पिळत म्हणाले, "त्यात रुग्णाचं नाव घालता आलं तर बघ. माझी काही हरकत नाही."